त्वचेवरच्या यीस्टच्या फॅट्समध्ये करिअर होतं का?

ताई, तुमची लेक एस.वाय. बीएससीला आहे, कोंड्यावरच्या प्रोजेक्टपासून त्वचेवरच्या यीस्टच्या फॅट्सवरच काम करायचं म्हणतेय, आणि त्यासाठी टी.वाय.ला केमिस्ट्री सोडून नुसतं मायक्रो घेणार म्हणतेय. यात पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंय. भरेल, पण तिला केमिस्ट्री सोडू देऊ नका.

का ते सांगते. हे यीस्ट म्हणजे मॅलेसेझिया नावाची एकपेशीय बुरशी, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच डोक्यावर, छातीपाठीवर असतं, शिबं येतात तीही यानेच. त्याला स्वतःचं फॅटी अ‍ॅसिड मुळापासून बनवताच येत नाही, ते बनवणारं एन्झाइमच नाहीये त्याच्याकडे, 2007 मध्ये त्याच्या मॅलेसेझिया ग्लोबोसा या जातीचा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, छापून आला त्यात हे दिसलं. मग ते लायपेज हे फॅट फोडणारं एन्झाइम बाहेर सोडून आपल्या त्वचेच्या तेलातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे फॅटी अ‍ॅसिड्स जोडलेली फॅट्स, फोडतं, त्यातली सॅच्युरेटेड अ‍ॅसिड्स खातं आणि ओलिक अ‍ॅसिडसारखी अनसॅच्युरेटेड तिथेच टाकून देतं, ज्याला ती सोसत नाहीत त्याला खाज आणि कोंडा. म्हणजे त्याच्या पेशीत कुठली फॅट्स सापडणार हे बरंचसं त्याला खायला काय मिळालं यावर ठरतं! लॅबमध्येसुद्धा साध्या सबुरो अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या नेहमीच्या माध्यमावर, ‘मॅलेसेझिया फरफर’ ही जात वाढत नाही, वर ऑलिव्ह ऑइल पसरलं की वाढतं. लेकीला हे विचारून बघा, अर्धा तास बोलेल.

पण ही फॅट्स ओळखायची म्हणजे क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने लिपिड म्हणजे फॅट्स काढायची, त्यांचे मिथाइल एस्टर करायचे, जीसी-एमएस या घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर आलेखातला एकेक पीक (टोक) कुठल्या फॅटी अ‍ॅसिडचा ते लावायचं, आणि ही सगळी केमिस्ट्रीच झाली ना. नोकरी मिळते तीही याच कामावर. मॅलेसेझियाच्या नावाने जाहिरात क्वचितच निघते, पण लिपिड कळणारा आणि जीसी हाताळलेला माणूस शाम्पू-क्रीमच्या कंपन्यांना, खाद्यतेलवाल्यांना, फार्माला, फूड टेस्टिंग लॅबना लागतोच.

रिसर्चच करायचा असेल तर एमएससी, नेटची परीक्षा, पीएचडी, म्हणजे वर्षं बरीच जातात, तेवढी घरची तयारी ठेवा. बुरशीत रमायचं असेल तर पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तेलाकडे वळली तर मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) त्याचा वेगळा विभागच आहे. तिला म्हणावं सुट्टीतल्या ट्रेनिंगसाठी आत्ताच मेल टाक, आणि त्यात मार्कांच्या आधी कोंड्याच्या प्रोजेक्टमध्ये स्वतः काय केलं ते लिही.