ती वाफ नव्हे

चिरंजीवास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सिंहगड चढताना पूर्वी कधी न लागलेली धाप लागली, असे तू एका ओळीत उरकले आहेस. आणि 'मी सिगारेट ओढत नाही, फक्त व्हेप घेतो, ती नुसती वाफ असते' हे समजावण्यात मात्र पानभर घालवले आहेस. मला त्या 'वाफ' शब्दाविषयीच आधी बोलायचे आहे. सर्दी झाली की पातेल्यात पाणी उकळून, डोक्यावर पंचा घेऊन वाफारा घेणाऱ्या घरांत आपण वाढलो, त्यामुळे हा शब्द आपल्याला औषधासारखा वाटतो. तुझ्या व्हेपमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या ई-सिगारेटमध्ये, मात्र प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या दाट द्रवांत निकोटीन व स्वादद्रव्ये मिसळलेली असतात. विजेवर तापणाऱ्या तारेने हे मिश्रण तापते आणि त्याचे इतके बारीक थेंब होतात, की ते श्वासनलिकांच्या शेवटच्या फांद्यांपर्यंत, थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत, उतरतात. त्या उष्णतेने द्रवाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन ही घातक रसायने तयार होतात, तर तारेतून निकेल, क्रोमियमसारख्या धातूंचे कण येतात. श्वासनलिकांच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस कफ आणि धूळ सतत वर ढकलत असतात. या माऱ्याने त्यांचे काम मंदावते, आणि सकाळचा खोकला सुरू होतो.

स्वादाचे पदार्थ खाण्यात चालतात म्हणून श्वासातून ओढण्यातही चालतील, हा तुझा तर्क अनेकांचा असतो. २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातील आठ माजी कामगारांच्या लहान श्वासनलिका कायमच्या आकसल्याचे उघड झाले. ते ज्या हवेत राबले तिच्यात लोण्याचा स्वाद देणारे डायअसिटिल होते. जठर जे पचवते ते फुप्फुस पचवू शकत नाही, कारण तिथे रक्त आणि हवा यांच्यामध्ये केवळ एक विलक्षण पातळ पडदा असतो. व्हेपने तुला हाच आजार होईल असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. परंतु काही व्हेपच्या द्रवांतही डायअसिटिल सापडले आहे.

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप घेणारे धडधाकट तरुण श्वास कोंडून रुग्णालयात येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. एका तपासणीत ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातल्या द्रवात ई-जीवनसत्त्वाचे अ‍ॅसिटेट आढळले, जे प्रामुख्याने गांजातील घटकाच्या चोरट्या द्रवांत घातले जात होते. तू गांजा घेत नाहीस, हे मला मान्य आहे. पण आपल्या देशात २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्रीवरच बंदी आहे. म्हणजे तुझ्या हाती येणारी प्रत्येक कुपी चोरट्या बाजारातली आहे, आणि तिच्यात काय आहे हे कोणीही तपासलेले नाही.

सिगारेटपेक्षा व्हेप कमी घातक आहे, हे तुझे म्हणणे बहुधा खरे आहे. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना तो पर्याय सुचवला जातो. तू मात्र कधी सिगारेट ओढलीच नाहीस, म्हणून तुझी तुलना स्वच्छ हवेशी व्हायला हवी. शिवाय आजची ई-सिगारेट चीनमध्ये २००३ च्या सुमारास जन्मली. चाळीस वर्षे ती ओढलेले फुप्फुस अद्याप कोणा डॉक्टरने पाहिलेले नाही.

सोडताना पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप उडेल. ते निकोटीनचे उतरणे असते. एकट्याने झुंजू नकोस. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. येत्या शनिवारी दवाखान्यात ये, फुंकर मारून करायची श्वासाची चाचणी करू. ती चांगली आली तरी तिला परवाना समजू नकोस, कारण लहान श्वासनलिकांची सुरुवातीची दुखापत त्या चाचणीत पुष्कळदा दिसत नाही. येताना ते उपकरण घेऊन ये, आणि गड चढताना कोणत्या वळणावर थांबावे लागले, तेही आठवून ये.

तुझा हितचिंतक