पोटगीची तारीख आणि तीन जोड कपडे

कोर्टाच्या पहिल्या तारखेच्या चार दिवस आधी ती आली ती पिशवी घेऊनच. टेबलावर एकेक काढून ठेवलं: काठपदराची साडी, कामावर घालायचा सुती पंजाबी ड्रेस आणि एक विटलेली, पदराला उसवलेली साडी.

"ताई, मावशी म्हणते ही जुनीच नेस, म्हणजे साहेबांना दया येईल. चांगली नेसले तर म्हणतील, हिला कशाला हवी पोटगी?"

कौटुंबिक न्यायालयात जाणाऱ्या निम्म्या बायका मला हाच प्रश्न विचारतात. पोटगीचा अर्ज (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, पूर्वीचं 125) साडीवर ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागतं. मी म्हटलं, "उसवलेला पदर सोड, मुलीच्या शाळेच्या फीच्या पावत्या आण." उगाच गरिबीचं सोंग घेतलं की उलटतपासात तेच अंगाशी येतं, हे मी पाहिलंय.

काठपदराची साडीही बाद केली. पुकारा होईपर्यंत तीन-चार तास बाकावर बसायचं, त्यात पदर सावरत राहायचं? काळा-पांढरा मात्र टाळावा. एकीने पांढऱ्या ड्रेसवर काळं जाकीट घातलं होतं, तर शिपाई वकील समजून तिलाच विचारायला लागला, "मॅडम, तुमची मॅटर कितवी?" पक्षकारांना कुठलाही गणवेश नाही, अंगभर आणि स्वच्छ असलं की झालं. वाजणारे पैंजण नकोत, मोबाईल बंद.

मग हळूच, "आणि मंगळसूत्र?"

आठ महिन्यांपासून ते डब्यात होतं. "कोर्टासाठी म्हणून घालू नकोस," मी म्हटलं, "पण वकिलांच्या कानावर घाल." 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका घटस्फोटाच्या खटल्यात पत्नीने थाली (तिकडचं मंगळसूत्र) काढण्यावर कडक शेरा मारला होता. मला तो पटला नाही. पण समोरचा वकील असला प्रश्न काढू शकतो, म्हणून उत्तर तयार हवं.

तिने साड्या घडी घालून पिशवीत भरल्या. ड्रेस हातातच होता. "सासरी रोज ऐकायचे, तुला कपड्यांची अक्कल नाही. तो कोर्टात मला बघून हसला तर?"

याला कायद्यात कलम नाही. आम्ही खुर्च्या सरकवल्या. मी न्यायाधीश झाले. तिने ड्रेसवरची ओढणी पिनने पक्की केली, उभी राहिली, नाव सांगितलं. पहिल्यांदा आवाज फुटेना. चौथ्यांदा मोठ्याने आला.

तारखेच्या संध्याकाळी फोन. समोरचे वकीलच आले नाहीत, साहेबांनी मान वर न करता पुढची तारीख दिली. नवरा लांब उभा होता, फोनमध्ये डोकं घालून.

"ताई, पुढच्या वेळी हाच ड्रेस चालेल ना?"

"चालेल. इस्त्री करून."