ब्राउझर बदलायचाय, पण सामान कसं हलवायचं? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की तुम्ही कोणता ब्राउझर वापरता आणि का. ‘का’चं उत्तर फारच थोड्या जणांनी दिलं, बाकीच्यांनी उलट आम्हालाच प्रश्न पाठवले, त्यामुळे या वेळचं सदर त्यांच्यासाठीच. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि कोणाचीही नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : क्रोम सोडून एज घेतला, मग कोणीतरी सांगितलं म्हणून ब्रेव्ह टाकून बघितला. मला तर तिन्ही सारखेच वाटतात हो. मी नक्की काय बदललं?

वाटतात सारखे कारण आतून सारखेच आहेत. वेबपेज वाचून ते स्क्रीनवर मांडायचं काम करणारा जो भाग असतो त्याला इंजिन म्हणतात, आणि क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी या सगळ्यांत ब्लिंक नावाचं एकच इंजिन आहे. गाडीचं इंजिन तेच, वर बॉडी आणि रंग वेगळा, असा प्रकार.

असं नेहमीच नव्हतं. ऑपेराकडे स्वतःचं प्रेस्टो नावाचं इंजिन होतं, ते त्यांनी 2013 मध्ये सोडलं. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये एज आणला तेव्हा तोही स्वतःच्या इंजिनवर होता, पण साइट्स क्रोम समोर ठेवूनच बनवल्या जायला लागल्या होत्या, एजमध्ये काही ना काही बिघडायचं, आणि शेवटी जानेवारी 2020 मध्ये त्यांनीही नवा एज क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ज्याच्यावर उभा आहे त्याच खुल्या कोडवर, आणला. ब्लिंकचं मूळही गंमतशीर आहे, लिनक्सवाल्यांच्या केडीई प्रोजेक्टमध्ये केएचटीएमएल नावाचं इंजिन होतं, ते घेऊन अ‍ॅपलने सफारीसाठी वेबकिट केलं, आणि गूगलने 2013 मध्ये वेबकिटमधून फुटून ब्लिंक केलं. म्हणजे आज मोठी म्हणावी अशी इंजिनं तीनच उरलीत, ब्लिंक, वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको.

आता तुमचं काय बदललं ते. साइट दिसण्यात आणि स्पीडमध्ये जवळपास काहीच नाही. पण तुमचे पासवर्ड, हिस्ट्री, सिंक केलेला (म्हणजे फोन आणि कॉम्प्युटरवर सारखाच ठेवलेला) डेटा कोणाच्या सर्व्हरवर जातो ते बदललं, आणि ट्रॅकर, म्हणजे साइट-साइटवर तुमचा माग काढणारा कोड, अडवायचे की नाही हे आधीपासून कोण ठरवून ठेवतं तेही बदललं. ब्राउझर निवडताना माणसं स्पीडचे आकडे बघत बसतात, ते माझ्या मते फुकटचं आहे, हल्ली कुठलाच चालू ब्राउझर स्लो नाहीये. बघायचं ते हे, की माझ्या वस्तू कोणाकडे ठेवतोय आणि उद्या काढून घ्यायच्या म्हटल्या तर किती सहज निघतील.

प्रश्न : लॅपटॉप जुना आहे, रॅम 4 जीबी. क्रोम उघडला की फॅन सुरू होतो. फायरफॉक्स टाकला तर हलकं होईल का?

थोडं होईलही, पण चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. ब्राउझर रॅम खातात त्यामागे कारण आहे, एका साइटमधल्या कोडला दुसऱ्या साइटचा डेटा चोरता येऊ नये म्हणून प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतात. क्रोमने 2018 मध्ये हे कॉम्प्युटरवर सगळ्यांसाठी सुरू केलं, फायरफॉक्समध्येही आता आहे. हा सुरक्षेचा खर्च आहे, तो कुठेही गेलात तरी द्यावा लागणार.

त्याआधी एक करून बघा. क्रोम उघडा असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडेल, त्यात मेमरीच्या कॉलमवर क्लिक केलं की सगळ्यात खादाड कोण ते वर येतं. पुष्कळदा वर दिसतं ते एखादं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेलं छोटं जादा अ‍ॅप), कधीतरी कूपन शोधायला नाहीतर स्क्रीनशॉट काढायला टाकलेलं आणि मग विसरून गेलेलं, जे प्रत्येक टॅबमध्ये घुसून बसलेलं असतं. नाहीतर मग सकाळपासून उघडी असलेली मेलची टॅब. ते एक्स्टेंशन काढा, सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर आहे तो चालू करा म्हणजे न वापरलेल्या टॅब झोपतील, आणि मग ठरवा. फायरफॉक्समध्येही मेनूतल्या मोअर टूल्समध्ये असाच टास्क मॅनेजर आहे. नवा ब्राउझर पहिले काही दिवस भुर्रकन चालतो त्याचं खरं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की त्यात अजून एक्स्टेंशनं आणि साठ टॅब भरलेल्या नसतात.

प्रश्न : क्रोममधला माझा अ‍ॅड ब्लॉकर एके दिवशी आपोआप बंद पडला, ‘आता सपोर्ट नाही’ असा मेसेज. हे मुद्दाम केलंय का? आता काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि त्यात चिडचिड पण तेवढीच आहे, समजू शकतो. झालं असं की एक्स्टेंशनं कशी बनवायची याचे नियम गूगलने बदलले, नव्या नियमांचं नाव मॅनिफेस्ट व्ही थ्री. जुनी व्ही टू वाली एक्स्टेंशनं क्रोमने 2024 पासून बंद करायला घेतली आणि 2025 मध्ये ते काम पूर्ण केलं. यूब्लॉक ओरिजिन हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं.

फरक काय पडला ते सांगतो. आधी पान उघडताना जी जी फाइल मागवली जायची, चित्र असो, जाहिरात असो, ट्रॅकर असो, ती प्रत्येक मागणी आधी एक्स्टेंशनसमोर यायची आणि ते त्याच वेळी ठरवायचं, जाऊ द्यायचं की अडवायचं. आता एक्स्टेंशनने आधीच नियमांची यादी ब्राउझरकडे देऊन ठेवायची, अडवायचं काम ब्राउझर करणार, आणि त्या यादीलाही मर्यादा. गूगलचं म्हणणं असं की तुमच्या सगळ्या ट्रॅफिकवर डोळा ठेवणारं एक्स्टेंशन हा धोका आहे, आणि खरं सांगायचं तर हे म्हणणं पोकळ नाहीये, चांगलं चाललेलं एक्स्टेंशन कोणीतरी विकत घेऊन त्यात उचापती करतो असे प्रकार झालेलेच आहेत. पण ज्या कंपनीची बहुतेक कमाई जाहिरातींवर आहे तिनेच अ‍ॅड ब्लॉकरचे हात बांधायचे म्हटल्यावर लोक संशय घेणार नाहीत तर काय करणार.

आता पर्याय. क्रोममध्येच राहायचं असेल तर यूब्लॉक ओरिजिन लाइट टाका, साध्या वापराला पुरतं, फक्त आधीचं बारीकसारीक कंट्रोल मिळत नाही. ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवायची सोय ब्राउझरच्याच आत आहे, एक्स्टेंशनवर अवलंबून नाही, म्हणून त्याला या बदलाचा तसा फरक पडला नाही. आणि फायरफॉक्सने जुनी पद्धत चालू ठेवलीय, मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे पूर्ण ताकदीने चालतं, अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येसुद्धा. फक्त अ‍ॅड ब्लॉकरसाठी ब्राउझर बदलत असाल तर मी डोळे झाकून फायरफॉक्स सांगेन. एजकडे जायचा विचार करत असाल तर थांबा, तोही क्रोमच्याच वाटेने चाललाय.

(हेही माहीत असू द्या, की फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बरीचशी कमाई गूगललाच डीफॉल्ट सर्च ठेवल्याच्या पैशातून येते. आणि सफारीत डीफॉल्ट राहण्यासाठी गूगलने अ‍ॅपलला 2022 या एका वर्षात 20 अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. या धंद्यात कोणीच पूर्ण वेगळं उभं नाहीये.)

प्रश्न : बदलायची इच्छा आहे पण भीती वाटते. वर्षानुवर्षांचे बुकमार्क, शेकडो पासवर्ड. काही हरवलं तर? क्रोममधून फायरफॉक्समध्ये कसं जायचं ते नीट सांगाल का?

सांगतो, आणि पहिलं म्हणजे जुना ब्राउझर अनइन्स्टॉल करायचा नाही. महिनाभर तरी राहू द्या. दोन ब्राउझर एका कॉम्प्युटरवर आरामात नांदतात, लोक उत्साहात जुना काढून टाकतात आणि मग नव्यात काहीतरी सापडत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

फायरफॉक्स टाकला की तो स्वतःच विचारतो, दुसऱ्या ब्राउझरमधून डेटा आणू का. हो म्हणा. बुकमार्क आणि हिस्ट्री बहुतेक वेळा मुकाट येते. नाहीच आली तर क्रोमच्या बुकमार्क मॅनेजरमध्ये वरच्या तीन ठिपक्यांत एक्स्पोर्ट आहे, एक एचटीएमएल फाइल मिळते, ती कुठलाही ब्राउझर वाचतो. ही फाइल बॅकअप म्हणून एरवीही काढून ठेवावी.

पासवर्डचं मात्र जपून. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये एक्स्पोर्टचं बटण आहे, त्यातून सीएसव्ही फाइल निघते, म्हणजे साध्या मजकुराची यादी. ती एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघाच, म्हणजे पुढचं सांगायची गरज पडणार नाही. एका ओळीत साइटचं नाव, स्वल्पविराम, तुमचं युजरनेम, स्वल्पविराम आणि पासवर्ड, अगदी उघडा, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा. मेलचा, बँकेचा, सगळ्यांचाच. म्हणून ही फाइल स्वतःलाच मेल करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, आणि तुमचा डेस्कटॉप किंवा डाउनलोड्स फोल्डर आपोआप क्लाउडवर चढत असेल तर तिथे सेव्हही करू नका, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. फायरफॉक्सच्या पासवर्ड पानावर तीन ठिपके, इम्पोर्ट फ्रॉम अ फाइल, दोन-चार लॉगिन खरंच येतायत का ते तपासा, आणि लगेच ती फाइल डिलीट करून रीसायकल बिनही रिकामा करा. हे सगळं एका बैठकीत करा, अर्धवट ठेवून उद्या बघू म्हणू नका.

काय येत नाही तेही ऐका. लॉगिन झालेल्या अवस्था येत नाहीत असं धरून चाला, म्हणजे प्रत्येक साइटवर परत एकदा लॉगिन, त्यामुळे ओटीपी ज्या फोनवर येतो तो हाताशी ठेवा, आणि जुन्या मेलआयडीवर किंवा बंद झालेल्या नंबरवर ओटीपी जात असेल तर तो आधी बदलून घ्या. पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने वा फोनच्या लॉकने लॉगिन करायची सोय) या सीएसव्हीमध्ये येत नाहीत, त्या त्या साइटवर नव्याने बनवाव्या लागतात. एक्स्टेंशनं नव्याने टाकायची, हे मी चांगलंच मानतो, निम्मी तुम्हाला आठवणारही नाहीत.

सिंक चालू करणार असाल तर अजून एक. फायरफॉक्सचा सिंक डेटा तुमच्या पासवर्डनेच कुलूपबंद होऊन जातो, मोझिलालाही वाचता येत नाही. याची दुसरी बाजू अशी की पासवर्ड विसरून रीसेट केलात तर सर्व्हरवरचा डेटा जाऊ शकतो, तेव्हा रिकव्हरी की काढून कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न : सगळं हलवलं, तरी मेलमधल्या लिंक्स अजून जुन्याच ब्राउझरमध्ये उघडतात!

डीफॉल्ट बदलायचा राहिलाय. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डीफॉल्ट अ‍ॅप्स, तिथे नव्या ब्राउझरच्या नावावर क्लिक केलं की वर सेट डीफॉल्टचं बटण आहे. तरी पीडीएफ फाइल्स एजमध्येच उघडत राहिल्या तर त्याच पानावर खाली पीडीएफची ओळ वेगळी बदला. फोनवर ऑटोफिलचं सेटिंगही वेगळं असतं, नाहीतर अ‍ॅप्समध्ये पासवर्ड जुनाच मॅनेजर भरत बसतो.

प्रश्न : आयफोनवर क्रोम चांगला की फायरफॉक्स?

इंजिनच्या दृष्टीने दोन्ही सफारीच. आयफोनवर अ‍ॅपल सगळ्यांना वेबकिटच वापरायला लावतं. युरोपियन युनियनमध्ये कायद्यामुळे 2024 मध्ये दुसऱ्या इंजिनांना परवानगी द्यावी लागली, बाकी ठिकाणी स्थिती बहुतेक तीच. त्यामुळे कॉम्प्युटरवर जो वापरता तोच फोनवर टाका, सिंकचा फायदा मिळेल.

प्रश्न : इन्कॉग्निटोमध्ये केलेलं कोणालाच दिसत नाही ना?

घरातल्यांना हिस्ट्रीत दिसत नाही. बाकी इंटरनेट कंपनीला, ऑफिसच्या नेटवर्कला आणि त्या साइटला दिसतंच, आणि आत जाऊन तुम्ही जीमेलला लॉगिन केलंत तर मग बोलणंच खुंटलं. यावरून गूगलवर 2020 मध्ये अमेरिकेत खटला झाला होता, 2024 च्या तडजोडीत त्यांनी साठवलेला डेटा नष्ट करायचं कबूल केलं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मेल बघायला इन्कॉग्निटो उत्तम, लपायला नाही.

प्रश्न : ऑफिसची एक जुनी साइट ‘फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालेल’ म्हणते. तो तर बंद झाला ना?

झाला, 15 जून 2022 ला. पण एजमध्ये आयई मोड, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररसारखं चालायची सोय, ठेवलाय, निदान 2029 पर्यंत चालू ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ब्राउझरच्या पानावर ‘अलाउ साइट्स टू बी रीलोडेड’ असं काहीसं आहे ते अलाउ करा, एज बंद करून परत उघडा, मग ती साइट उघडून मेनूतून आयई मोडमध्ये रीलोड करा. फक्त त्या एका साइटपुरताच हा मोड वापरा. आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे सेटिंग दिसतच नसेल तर ते आयटीवाल्यांनी बंद केलेलं असतं, त्यांनाच सांगावं लागेल.