मुलाच्या कानात मोंडिनी दोष निघालाय, कॉक्लिअर इम्प्लांटचा उपयोग होईल का? खर्च किती?

ताई, 'मुळात कानच नीट नाही, मशीन कुठं बसवणार?' असं घरचे म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या लेकीलाही मोंडिनीच निघाला तेव्हा आमचे थोरले भाऊजी अगदी हेच बोलले होते, म्हणून लिहायला बसले.

कॉक्लिया म्हणजे आतल्या कानातला शंखासारखा भाग; मोंडिनीत त्याचे अडीच-पावणेतीन वेढे असायचे ते दीडच असतात. खालचा वेढा बहुधा चांगला असतो, इम्प्लांटची बारीक तार, म्हणजे इलेक्ट्रोड, तिथं बसतो. हा दोष 1791 पासून डॉक्टरांना माहीत आहे, पण आमच्या बेळगावकडच्या खानापुरात तो भाऊजींना जास्त कळत होता.

लेकीच्या ऑपरेशनला कॉक्लिया उघडली की पाणी उसळू शकतं, असं सर्जननी आधीच सांगितलेलं. तसंच झालं. मेंदूभोवतीचं पाणी कानाच्या वाटेनं आलं. स्नायूचे बारीक तुकडे ठासून त्यांनी ते बंद केलं. मग पोरीचं डोकं उंचावर ठेवायचं, नाक शिंकरू द्यायचं नाही. नाकातून पाण्यासारखं काही गळतंय का, ते मी रुमाल लावून बघत बसले होते. एवढ्यात भाऊजी डबा घेऊन आले नि वॉर्डातच म्हणाले, "मेंदूचं पाणी काढलं की गं, आता पोरगी वेडी व्हणार." शेजारच्या खाटेवरच्या अज्जीला मराठी येत नव्हतं, तरी तिनं असं बघितलं की ते गप बाहेर गेले. ते पाणी शरीर रोज अर्धा लिटरच्या आसपास नवं तयार करतं, हे त्यांना आजही पटत नाही. पोरगी आता चौथीत आहे. "काका, वरडू नका, ऐकू येतंय की," म्हणते.

नुसत्या सीटीवर थांबू नका. सीटीत हाड दिसतं, ऐकण्याची नस एमआरआयमध्ये. अशा कानात मेंदुज्वराचा धोका जास्त, न्यूमोकोकलची लस ऑपरेशनआधीच घ्या. घरात मराठी असेल तर नंतरची ऐकण्या-बोलण्याची थेरपीही मराठीतच मागा. भाऊजींचा तेव्हा हट्ट कन्नडचा, पुढं नोकरी मिळते म्हणून. दीड वर्षाच्या पोरीची नोकरी!

खर्चाचं म्हणाल तर केंद्राच्या एडिप (अपंगांना साधनं देणाऱ्या) योजनेत लहान मुलांना इम्प्लांट मिळतं, वयाची अट आहे, अर्ज लवकर टाका.

हे सगळं मोंडिनीपुरतं हं. नस बारीक असेल तर फायदा कमी होऊ शकतो, आणि कॉक्लियाच नसेल तर हे इम्प्लांट बसतच नाही.

घरातलं कुणी आडवं आलंच तर एमआरआयला त्यांनाच बरोबर न्या, रिपोर्ट डॉक्टरांकडून ऐकू देत. आमचे आले नाहीत.