नामश्रेणी, क्रमश्रेणी, अंतरश्रेणी आणि गुणोत्तरश्रेणी या माहिती मोजण्याच्या चार पातळ्या. यांतला फरक कसा ओळखायचा?

व्याख्या पाठ करू नका. समोरच्या आकड्यावर कोणतं गणित चालतं, एवढंच स्वतःला विचारा. १९४६ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांनी या चार पातळ्या मांडल्या, त्या याच विचारातून.

पिनकोड घ्या. पुण्याचा ४११००१, नागपूरचा ४४०००१. सरासरी ४२५५०१ येते, पण तिला काही अर्थ आहे का? नाही. दिसायला आकडा असला तरी ते नावच आहे, म्हणून नामश्रेणी. रक्तगट, मातृभाषा यातच.

शर्यतीतला पहिला, दुसरा, तिसरा ही क्रमश्रेणी. पहिला आणि दुसरा यांच्यात अर्ध्या सेकंदाचा फरक असेल, दुसरा आणि तिसरा यांच्यात दहा सेकंदांचा. क्रमांक ते सांगत नाही. इथे सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, वापरा.

खरी गल्लत होते ती अंतरश्रेणीत. महाबळेश्वरला २० अंश सेल्सिअस आणि नागपूरला ४० असेल, तर फरक २० अंशांचा, हे बरोबर. पण नागपूर 'दुप्पट गरम' म्हणणं चूक. तेच तापमान केल्विनमध्ये, म्हणजे ज्या मापाचा शून्य खरा शून्य आहे त्यात, मांडा: साधारण २९३ आणि ३१३. कुठे गेली दुप्पट? सेल्सिअसचा शून्य म्हणजे उष्णता नसणं नव्हे, तो पाण्याच्या गोठणबिंदूवर ठरवून घेतलेला आहे.

वजन, उंची, उत्पन्न यांचा शून्य खरा असतो, म्हणून तिथे दुप्पट-निम्मं बिनधास्त म्हणा. ही गुणोत्तरश्रेणी.

आणि एक कळकळीची विनंती: एक्सेलमध्ये 'पुरुष १, स्त्री २' असं भरलंत, तर त्या रकान्याची सरासरी अहवालात घालू नका. सॉफ्टवेअर ती मुकाट्याने काढून देतं.