निर्बीजीकरण: भाटीचे लगेच, गोल्डनचे थांबून

तुमच्या घरी पाच महिन्यांची देशी भाटी, म्हणजे मादी मांजर, आणि सात महिन्यांचा गोल्डन रिट्रीव्हर नर आहे. दोघांचेही ऑपरेशन एकाच आठवड्यात उरकून घ्यावे, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. सासूबाईंना मात्र मुक्या जिवाचा वंश खुंटवणे पाप वाटते, आणि निदान भाटीला एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत असा त्यांचा आग्रह आहे. नाशिकमध्ये गेली बावीस वर्षे कुत्री-मांजरे सांभाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की भाटीचे ऑपरेशन येत्या दोन-तीन आठवड्यांत करून घ्यावे आणि गोल्डनचे आत्ता करू नये.

सासूबाईंचे म्हणणे जुन्या वळणाचे म्हणून बाजूला सारू नका. निरोगी प्राण्याच्या शरीरातून, त्याला काही विचारता येत नसताना, एक अवयव काढून टाकायचा तर त्याला सबळ कारण हवेच. निफाड-सिन्नरकडच्या शेतकरी घरांत वाढलेल्या जुन्या माणसांनी खोंड ठेचताना, म्हणजे त्याची वृषणे चिरडताना, पाहिलेला असतो. पूर्वी ते दगडाने होत असे, पुढे चिमटा आला, पण हेतू तोच राहिला, की बैल औताला निमूट चालावा. तो फायदा माणसाचा होता आणि वेदना जनावराची. म्हणून नसबंदीचा विचार करताना मी सर्वांत आधी हे पाहते की तिचा फायदा कोणाला होणार आहे आणि किंमत कोण मोजणार आहे.

भाटीच्या बाबतीत उत्तर फारसे अवघड नाही. मांजर चार ते सहा महिन्यांची होताच माजावर येऊ शकते, गाभण राहिली की साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. बोका भेटला नाही तर माज थोड्या थोड्या दिवसांनी परत येतो. त्या दिवसांत ती रात्रभर ओरडते, खात नाही, खिडकीच्या जाळीला धडका देते. त्या अवस्थेला मातृत्वाची आस म्हणणे मला पटत नाही, कारण तो संप्रेरकांचा रेटा असतो आणि तो तिलाच सोसावा लागतो. एकदा पिल्ले झाल्याने मांजरीची तब्येत सुधारते, या समजाला वैद्यकीय आधार नाही. उलट मांजरीच्या स्तनातील गाठी बहुतांशी कर्करोगाच्याच असतात, आणि सहा महिन्यांच्या आत निर्बीजीकरण झालेल्या मांजरींत त्यांचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी कमी आढळले आहे.

आणि पिल्लांचे काय? गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका जूनमध्ये कोणीतरी बिस्किटांचा खोका ठेवून गेले होते. आत चार पिल्ले होती. चारही जणांचे डोळे चिकट पुवाने बंद झाले होते, आणि पावसाने खोक्याचा तळ भिजून लगदा झाला होता. कोमट पाण्यात कापूस बुडवून मी एकेकाचे डोळे उघडले. तिसऱ्याचे डोळे उघडले तेव्हा ते थंड पडत चालले होते. चारांपैकी एक वाचले. ती पिल्लेही कोणाच्या तरी घरच्या, ‘एकदा तरी होऊ द्या’ म्हटलेल्या मांजरीची असतील, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. सासूबाईंना पापाची भीती वाटते ती खरी आहे, फक्त ते पाप ऑपरेशनच्या टेबलावर घडते असे मला वाटत नाही.

मादी कुत्र्याचा विषय तुम्ही विचारलेला नाही, तरीही लिहिते, कारण माझी कुत्री मी त्यातच गमावली. ती नऊ वर्षांची होती आणि तिचे ऑपरेशन आम्ही ‘कशाला उगाच’ म्हणत लांबवले होते. माज संपून महिना-दीड महिना झाला असेल, तेव्हा तिचे पाण्याचे भांडे दिवसातून चार वेळा रिकामे होऊ लागले. उन्हाळा आहे म्हणून पीत असेल, असे मी समजले. तिसऱ्या दिवशी तिने अन्न सोडले. गर्भाशयात पू झाला होता, आणि गर्भाशयाचे तोंड मिटलेले असल्याने तो बाहेर दिसलाच नाही. निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांत हा आजार दुर्मीळ नाही. स्वीडनमधील विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींत दहा वर्षे वयाच्या आत जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या माद्यांना तो झालेला आढळला. ज्यांच्या घरी मादी आहे त्यांनी माजानंतरचे दोन महिने पाण्याच्या भांड्यावर लक्ष ठेवावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आता तुमचा गोल्डन. हाडांच्या टोकांची वाढ थांबण्याचा इशारा शरीराला लिंगसंप्रेरकांकडून मिळतो. वृषणे फार लवकर काढली तर हाडे नेहमीपेक्षा अधिक लांब वाढतात आणि सांध्यांची ठेवण बिघडू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हरवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एक वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी १० टक्क्यांना खुब्याच्या सांध्याचा विकार आढळला, आणि हे प्रमाण नसबंदी न झालेल्या नरांच्या दुप्पट होते. त्याच गटाने २०२० मध्ये ३५ जातींची तुलना केली, तेव्हा लहान चणीच्या जातींत सांध्यांचा असा धोका दिसला नाही. म्हणजे सगळ्या प्राण्यांना एकच वय लावणे सोयीचे असले तरी त्या सोयीची किंमत तुमच्या कुत्र्याचे खुबे मोजतील. त्याला वर्ष-सव्वा वर्षाचा होऊ द्या, मग ठरवा.

मात्र थांबायचे तर पट्टा सुटता कामा नये. मोकळा फिरणारा नर माजावरच्या मादीमागे रस्ते ओलांडत जातो, मारामाऱ्या करतो, आणि आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत समागमातून पसरणारा गाठींचा कर्करोग घेऊन येतो, ज्यासाठी पुढे आठवड्या-आठवड्याने इंजेक्शने द्यावी लागतात. नॉर्वेमध्ये सबळ कारणाशिवाय कुत्र्याची नसबंदी कायद्याला मान्य नाही, असा दाखला अनेक जण देतात, आणि तो खरा आहे. पण तिथे रस्त्यावर बेवारस कुत्री फिरत नाहीत. आपल्याकडे फाटक उघडे राहिले की दोन मिनिटांत कुत्रा भटक्यांच्या टोळीत मिसळतो. केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही पाळीव प्राण्याच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावरच ठेवली आहे. नसबंदीने कुत्रा शांत होतो, हेही सरसकट खरे मानू नका. भटकणे आणि जागोजागी मुतणे बरेच कमी होते, पण भीतीपोटी चावणारा कुत्रा त्याने सुधारेलच असे नाही.

भाटीला उशीर करू नका म्हणण्याचे आणखी एक कारण आहे. गाभण मांजरीचे ऑपरेशन करता येते, पण मग पोटातली पिल्लेही जातात. मला एकदा तो निर्णय घ्यावा लागला, आणि तो योग्य होता असे आजही वाटत असले तरी त्या रात्री झोप आली नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ देऊ नका.

डॉक्टरांना आधीच विचारून घ्या की भूल देण्यापूर्वी वजन आणि रक्त तपासणार का, किती तास उपाशी ठेवायचे, आणि घरी वेदनाशामक किती दिवस द्यायचे. वेदनाशामकाची गरज नाही असे कोणी म्हणाले तर दुसरा दवाखाना पाहा. माणसांची क्रोसीन तर मांजरीला चुकूनही देऊ नका, त्यातले पॅरासिटामॉल तिच्यासाठी विष आहे. भूल उतरताना ती झोकांड्या खाईल, म्हणून पलंगावर न ठेवता जमिनीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात गोधडीवर ठेवा आणि रात्री अंगावर पांघरूण घाला. टाके चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर हवीच. ऑपरेशननंतर भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र पाव हिश्श्याने तरी घटते, तेव्हा पहिल्या आठवड्यानंतर खाणे वाटीने मोजून द्या आणि महिन्यातून एकदा वजन करा. आणि भाटीचे ऑपरेशन होईपर्यंत बाल्कनीचे दार आणि स्वयंपाकघराची खिडकी रात्री बंद ठेवा.