बाजेचे चार कोपरे

प्रिय ताई,

जय ख्रिस्त.

तुमचं पत्र आलं त्याला आठ दिवस झाले. उत्तराला बसले की दोन ओळींवर हात थांबायचा, म्हणून उशीर झाला. इतर वाचकांना कळावं म्हणून तुमची हकिकत थोडक्यात सांगते. तुम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, वय 42. मिस्टर टेम्पो चालवायचे आणि दर रविवारी चर्चमध्ये भजनाला ढोलकी वाजवायचे. दीड वर्षापूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. त्यासाठी डाव्या हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केला आहे; त्यातून रक्त नीट वाहत असलं की तळव्याला घरघर लागते. टेम्पो विकला, तुम्ही ब्लाउज शिवून घर चालवता, वर उसनवारी आहे. प्रार्थना गटातल्या एका बहिणीने चारचौघींत म्हटलं, "घरात कुठलं तरी लपलेलं पाप असेल, ते कबूल करा." बाहेरगावचे एक प्रचारक घरी येऊन सांगून गेले की डायलिसिस थांबवा, अमुक रक्कम देवाला द्या आणि विश्वासाने उभे राहा. सासूबाईंना ते पटू लागलं आहे. पंधरा वर्षांच्या मुलीने चर्चला येणं सोडलं.

शेवटी तुम्ही लिहिलं आहे: "रात्री मी त्यांच्या डाव्या हातावर तळवा ठेवते, फिस्टुलाची घरघर लागते का बघायला. पूर्वी तोच हात धरून आम्ही झोपायच्या आधी प्रार्थना करायचो. आता शब्दच फुटत नाही. घरघर लागली की मी कूस बदलते. ताई, माझा विश्वास मेला का?"

या प्रश्नाकडे येते, पण आधी डायलिसिसचं बोलू, कारण तिथे उशीर चालणार नाही. डायलिसिस थांबवायचं नाही. एक पाळीही चुकवायची नाही. किडन्या काम करत नसल्या की अंगात पाणी साठतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय कधीही बंद पडू शकतं. डायलिसिस थांबलं तर थोड्याच दिवसांत माणूस हातचा जाऊ शकतो. सासूबाईंना माझं नाव सांगून हे वाचून दाखवा. त्यांना शास्त्रातला आधार हवा असेल तर तोही आहे. प्रेषित पौलाने सोबती लूकला "प्रिय वैद्य" म्हटलं आहे. ज्याच्या हातून इतके रोगी बरे झाले तो हाच पौल तीमथ्याला लिहितो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. सोबतचा माणूस बरा झाला नाही, हे त्याने लपवलं नाही आणि त्रफिमाचा विश्वास कमी पडला असंही कुठे लिहिलं नाही. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी, म्हणजे कायमच्या त्रासासाठी, पौलाने देवाला तीनदा विनंती केली, तरी काटा निघाला नाही. औषध सोडायला लावणारा आणि वर पैसे मागणारा माणूस पुन्हा दारात आला, तर त्याला चहा पाजायचीही गरज नाही. हे मी रागाने लिहिते आहे आणि तो राग मला योग्य वाटतो.

पैशाचंही इथेच सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा, आणि तुमचं सध्याचं सेंटर योजनेत नसेल तर जवळचं कुठलं आहे ते विचारा. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने योजनेचा अर्ज भरायचा नसतो, असं कुठेही लिहिलेलं नाही.

आता त्या बहिणीचं. "लपलेलं पाप" हे शब्द तुमच्या काळजात रुतून बसले आहेत, पत्रात तुम्ही ते चार वेळा लिहिले आहेत. तुम्ही रात्री जागून तुमचं आणि मिस्टरांचं लग्नाआधीपासूनचं आयुष्य धुंडाळता आहात, कुठे काय चुकलं म्हणून. ताई, हा शोध आज थांबवा. जन्मांध माणूस समोर आला तेव्हा शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्हीला नाही म्हटलं. निर्दोष असून सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते. तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडून ते कारणं सांगायला लागले आणि बिघडलं. शेवटी देवाचा राग ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर होता.

पुणे जिल्ह्यातलं केडगाव तुम्हाला काही परकं नाही. पंडिता रमाबाईंच्या आयुष्याचा नुसता हिशोब मांडा. कोवळ्या वयात दुष्काळात आईवडील गेले. 1880मध्ये भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोवर 1882मध्ये नवरा पटकीने गेला, मांडीवर तान्ही मुलगी. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, दुष्काळातल्या अनाथ मुलींना उचलून आणून त्यांनी केडगावला मुक्तिसदन उभं केलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला घेतलं. आणि 1921मध्ये तीच एकुलती एक मनोरमा त्यांच्याआधी गेली. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. यातला कुठला मृत्यू कुठल्या पापाचा, हे ती बहीण सांगू शकेल का? दुःख मोजून पाप ठरवायचं म्हटलं, तर आपल्या मंडळीत ज्यांची नावं आपण आदराने घेतो, त्यातलं एकही उरणार नाही.

त्या बहिणीशी भांडू नका. पण तिच्या गटात सध्या जाऊ नका. प्रार्थनेला जाऊन माणूस आधीपेक्षा घायाळ होऊन परत येत असेल, तर काही दिवस घरी बसलेलं बरं.

आणि आता तुमचा खरा प्रश्न.

माझे मिस्टर आजारी होते तेव्हा आठ महिने मला गाता आलं नाही. चर्चला जायची. पुस्तक उघडायची. पहिलं कडवं सुरू झालं की घसा आवळायचा. माझ्या बाकावर एक म्हातारी बाई बसायच्या. आवाज फाटका, सुरात कधीच नव्हत्या. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, एक वचनही ऐकवलं नाही. माझ्या हातातलं पुस्तक त्या एका बाजूने धरायच्या आणि जरा मोठ्याने गायच्या. पुस्तक थरथरायचं, माझ्या हाताने का त्यांच्या, कोण जाणे. आठ महिने माझं गाणं त्या बाईंनी गायलं.

मार्कच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट मला त्यानंतर वेगळीच कळू लागली. पक्षघाती माणसाला चौघे जण बाजेवर घालून आणतात, गर्दीतून वाट मिळत नाही म्हणून छप्पर उसवतात आणि बाज खाली सोडतात. पुढचं वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिथे थांबत नाही. येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्या माणसाला क्षमा केली. त्यांचा, म्हणजे बाज उचलून आणणाऱ्यांचा. बाजेवरच्या माणसाने येईपर्यंत एक शब्द काढल्याचं लिहिलेलं नाही. तो विश्वासात होता की चिडलेला होता, की या चौघांनी आपल्याला कुठे आणलं म्हणून लाजत होता, काहीच ठाऊक नाही.

ताई, तुम्ही स्वतःला सारखं त्या चौघांत धरता आहात. मिस्टरांची बाज मीच उचलणार, मुलीची मीच, सासूबाईंची मीच, आणि हात गळून पडले की विश्वास मेला म्हणता. मला दिसतं ते असं, की सध्या बाजेवर तुम्ही आहात. तेव्हा कोपरे धरायला माणसं बोलवा. हे आपोआप होत नाही, सांगावं लागतं. पाळकसाहेबांना फोन करा आणि "सगळं ठीक आहे, प्रभूची कृपा आहे" हे नेहमीचं वाक्य बाजूला ठेवा. सरळ सांगा, की मला प्रार्थना होत नाही, माझ्याऐवजी तुम्ही करा. महिला मंडळातल्या एखाद्या शहाण्या बाईला महिन्यातून चार वेळा तरी डायलिसिसला मिस्टरांसोबत बसायला सांगा, म्हणजे तुम्हाला त्या दिवशी झोपता येईल. भजनातल्या दोघांना सांगा, एखाद्या संध्याकाळी टाळ घेऊन घरी या. ढोलकी खुंटीवरून खाली काढायची की नाही, ते मिस्टर ठरवतील. मंडळीचं काम हेच आहे. आपल्याकडे हे काम मयताच्या दिवशी फार छान होतं, आजारपणाच्या दुसऱ्या वर्षात होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शब्द फुटत नसतील तर उसने घ्या. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली निम्मी दुःखं आपण चर्चमध्ये वाचतच नाही. तेवीसावं सगळ्यांना पाठ आहे. अठ्ठ्याऐंशीवं काढा. सुरुवातीला कवी देवाला तारणाऱ्या म्हणून हाक मारतो आणि पुढे सगळी तक्रार. शेवटही सावरलेला नाही, काळोखातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. रोज एक ओळ वाचा, मोठ्याने. त्यावर "पण तरीही प्रभू चांगला आहे" असं तुम्ही जोडायची गरज नाही. देवावर रागावलेलं माणूस देवाशी बोलतंच असतं. वधस्तंभावर येशूनेसुद्धा बाविसाव्या स्तोत्रातलीच ओळ घेतली, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

मुलीचं थोडक्यात. तिला ओढून नेऊ नका आणि तिच्यासमोर रडून तिला अपराधी करू नका. येशू मेलेल्यांतून उठून शिष्यांना भेटला, तेव्हा पहिल्या आठवड्यात थोमा नावाचा शिष्य तिथे नव्हता, आणि नुसत्या सांगण्यावर मी विश्वास ठेवणार नाही असं तो तोंडावर म्हणाला. तरी पुढच्या आठवड्यात तो त्याच खोलीत होता, म्हणजे बाकीच्यांनी त्याला हाकललं नव्हतं. "देव ऐकत नाही" असं ती म्हणाली तर "मलाही तसंच वाटतं गं" एवढं खरं बोला. तिला कदाचित एवढंच हवं असेल, की घरात कुणीतरी तिच्यासारखंच घाबरलेलं आहे.

आणि रात्रीची ती घरघर. तुम्ही लिहिलंय तसं, तळवा ठेवता, लागली की कूस बदलता. दीड वर्षात एक रात्र चुकली नाही. मी हे वाचून पत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ बसून राहिले. त्याच हातावर, त्याच वेळी, अजूनही तुमचा हात आहे. फक्त शब्द गेले आहेत. ते पुन्हा कधी येतील हे मला सांगता येणार नाही आणि त्यांची वाट बघत बसू नका. हात ठेवत जा.

सकाळी उठावंसंच वाटत नाही, असंही एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. मी पुढे जात नाही. डायलिसिसच्या डॉक्टरांनाच सांगा, किंवा 14416 वर फोन करा, ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. एलीया भविष्यवादी रानात झुडपाखाली पडून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. मग दूताने हात लावून उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. खाऊन तो पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला घातलं, कारण वाट लांबची होती.

मिस्टरांचं दिवसाचं पाणी तुम्ही बाटलीवर खूण करून मोजता, त्यांचं पथ्याचं वेगळं रांधता, आणि डायलिसिसच्या दिवशी सकाळपासून स्वतः चहावर असता. येत्या पाळीला निघताना तुमच्यासाठीही दोन भाकरी बांधून घ्या. आणि बाहेरच्या बाकावर बसून सावकाश खा.

तुमची,
ताई